नाला म्हणायचं नाही

भांडुपला खाडीच्या खारफुटीला लागून एक तळं आहे. डोंगरावरून त्याला पाणी आणणाऱ्या प्रवाहाला सगळं भांडुप नाला म्हणतं. गुणाजी घाडीसमोर मात्र तसं म्हणायची सोय नव्हती. "ह्यो नालो नाय रे शिवा, व्हाळ आसा, व्हाळ!" आमच्या जालन्याकडे ओढा म्हणतात, असं मी एकदा सांगितलं. त्यावर विचार करून म्हणाला, "ओढो चलात."

गुणाजी माझा शेजारी, मूळचा कुडाळकडचा. गिरणीत लागला आणि दोन वर्षांत गिरणीच बसली. पुढे जन्मभर तळ्याकाठच्या एका कंपनीत वॉचमन. बघायला तेवढंच होतं: पाणकणसं, चतुर, जांभळ्या पाणकोंबड्या. गाव सुटलं त्याची भरपाई देवाने इथे केली, असं त्याचं म्हणणं. देव भांडुपला कशाला येतोय, असं मी म्हणायचो.

मग रस्ता रुंद करताना कुणीतरी भराव टाकला आणि रस्त्याखालची मोरी बुजली. व्हाळ पलीकडेच अडला. तळ्यात राहिलं ते भरतीचं खारं पाणी आणि पावसाचं जे काही साठेल ते. पाणकणसं पिवळी पडली. पाणकोंबड्या कमी झाल्या, तरी कोपऱ्यात एक जोडी पिल्लं काढत होती.

गुणाजी रिटायर झाला आणि मोरीच्या मागे लागला. वॉर्ड ऑफिसात साहेब बदलले, हा बदलला नाही. तिथेही "नाला नाही साहेब" सुरूच. पलीकडे साचलेल्या पाण्यावर जलपर्णी माजली होती, वास यायचा. मी नाक दाबलं की तो म्हणायचा, "साचला म्हणान वास येता. व्हावता पाणी कधी शिळा होणा नाय." मला ते पटलं. सगळ्यांनाच पटलं.

यंदा फेब्रुवारीत पोकलेन आलं, मोरी मोकळी झाली. गुणाजीने नारळ फोडला. जलपर्णी ढकलत पाणी तळ्यात शिरलं तेव्हा तो लहान पोरासारखा टाळ्या पिटत होता. मीही पिटल्या.

पाणी वाहत राहिलं, पण निवळलं नाही. उलट काळं झालं, वर फेस आला. आम्ही दोघं व्हाळाच्या काठाने वर चढत गेलो. डोंगराच्या पायथ्याशी नवे टॉवर, आणि त्यांच्या संडासांचे पाइप थेट व्हाळात सोडलेले. त्याच्या वर व्हाळ कोरडा. गोडं पाणी नव्हतंच. भराव होता म्हणून तळं मरत मरत का होईना जगलं होतं, हे तेव्हा कळलं. गुणाजी खाली बसला.

दुसऱ्या दिवशी तळ्यात मासे उलटे तरंगत होते. पाणकोंबडीची पिल्लं घरट्यातच मेली होती. गुणाजी कमरेएवढ्या घाणीत उभा राहून मोरीत दगड टाकत होता, आणि पाणी दगडांवरून येतच होतं. मी ओढलं तर हात झिडकारला. शेवटी त्याच्या बायकोला, नलिनीवहिनींना, बोलावलं. त्या काठावरून रडतच म्हणाल्या, "अवो, व्हाळातून भायर येवा."

"खंयचो व्हाळ गो?" तो म्हणाला. "नालो तो."

आणि बाहेर आला. आता मी कधीकधी त्याच्यासमोर मुद्दाम नाला म्हणून बघतो. तो चूक काढत नाही.