मनू झोपला नव्हता

निखिल, रूथ,

हे मी तुमच्या आजोबांना सांगितलं नाही, आणि ते गेले. तुमच्या आईला सांगितलं नाही. चर्चच्या पाळकसाहेबांना तर नाहीच. अकरा वर्षं झाली. आता तुम्हा दोघांनाच का सांगते आहे? मलाही नीट ठाऊक नाही. रूथने मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारलं म्हणून, असं धरून चाला.

रूथ, चर्चमधल्या तुझ्या दृढीकरणाच्या वर्गासाठी तुला पाच ओळी हव्या होत्या. "आजी, तारण म्हणजे काय, ईस्टर म्हणजे काय, तुझ्या शब्दांत लिही. तुला तर सगळं पाठ आहे." आहेच पाठ. पाच ओळी मी दहा मिनिटांत लिहिल्या. अक्षर सुरेख, एक खाडाखोड नाही. मग वाचल्या आणि फाडल्या. पुन्हा लिहिल्या, पुन्हा फाडल्या. टेबलाखालची टोपली भरली आणि माझं डोकं फिरलं. एवढं सोपं उत्तर, चाळीस वर्षं मी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलेलं — ते मला कागदावर का ठेवता येत नाही?

कारण मनू मध्ये येतो.

मनू म्हणजे मनोहर, माझा धाकटा भाऊ. तुम्ही त्याला पाहिलं नाही. निखिल, तू एकदा पाहिलं होतंस, पण तू फार लहान होतास. तो भांडुपला टेकडीवरच्या एका चाळीत एकटा राहायचा. दारूपायी नोकरी गेली, बायको माहेरी गेली ती परत आली नाही. मी इकडे मुलुंडला, आमच्या चर्चच्या महिला मंडळाची सेक्रेटरी. बैठकांचे मिनिट्स मी लिहायची, फुलांची पाळी मी लावायची. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, त्यातला दुसरा उद्गार दरवर्षी माझा. शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला म्हटलेला. आयुष्यभर काही चांगलं केलं नाही, शेवटच्या घटकेला येशूला नुसती आठवण ठेवा म्हणाला, आणि त्याला सगळं, स्वर्गसुद्धा, मिळालं. मी फार चांगलं बोलायची त्यावर. तारण, म्हणजे पापातून सुटका, कमावता येत नाही, ते दिलं जातं — हे सांगताना माझा आवाजसुद्धा भरून यायचा.

आणि एक यादीही माझ्याकडे असायची. जे आजारी आहेत, ज्यांना चर्चपर्यंत येणं झेपत नाही, अशांच्या घरी ईस्टरच्या दुपारी पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन जायचे. भाकरीचा तुकडा, द्राक्षरसाचा घोट, छोटी प्रार्थना. कुणाकडे जायचं, कुठल्या रस्त्याने, ते मी लिहून द्यायची. मी दिलेल्या कागदाबाहेर साहेब कुठे जात नसत. इतका माझ्यावर विश्वास.

त्या वर्षी मनूचं यकृत पार बिघडलेलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"ताई, तुझ्या लिस्टमध्ये कुठलाही आजारी चालतो, की फक्त चांगल्या घरचा?"

"काय ते नीट बोल, मनू."

"नाव घाल ना गं माझं. या वेळी नाटक नाही करणार. शप्पत."

नाटक म्हणजे काय, तेही सांगते, नाहीतर मी उगाच कठोर वाटेन. आहेच मी कठोर, पण तरी. त्याच्या चार वर्षं आधी ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला तो पिऊन आला होता. पाळकसाहेब म्हणाले, प्रभू मेलेल्यांतून उठला आहे. आम्ही सगळे 'खरोखर उठला आहे' म्हणणार, तोच मागच्या बाकावर आडवा पडलेला मनू ओरडला, "मग मला पण उठवा रे कोणीतरी!" लोक हसले. तुमचे आजोबासुद्धा हसले. मला मात्र जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

तर मी त्याला म्हटलं, "घातलंय नाव. आंघोळ करून बस."

नाव घातलं नव्हतं. घालणारही नव्हते.

का? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की साहेबांसमोर पुन्हा शोभा नको म्हणून. ते खोटं आहे. खरं हे की मला राग आला होता. मी लहानपणापासून एक उपासना चुकवली नाही, उपवास पाळले, जिभेला लगाम घातला — आणि हा सगळं उधळून शेवटी मधूनच रांगेत घुसणार? आणि त्याला तेच मिळणार, जे मला? तोच तुकडा, तोच घोट? चाळीस वर्षं जे शिकवलं ते मला मुळात मान्यच नव्हतं का? चोर वधस्तंभावर असेपर्यंत ठीक होता. तो माझा भाऊ निघाला तेव्हा मला चालला नाही.

ईस्टरला पहाटे मी मोठ्याने 'खरोखर उठला आहे' म्हटलं. घरी आले, मटण केलं, जेवले, दुपारी पडले. छान झोप लागली.

सोमवारी सकाळी त्याचा फोन. "ताई, साहेब आले नाहीत गं."

इथेच सावरता आलं असतं. चूक झाली, आज पाठवते, एवढंच बोलायचं होतं. माझ्या तोंडून काय निघालं ठाऊक आहे? — "आले होते. दार वाजवून वाजवून परत गेले. तू झोपला होतास."

तो म्हणाला, "असेल. औषधाने डोळा लागला असेल." आणि पुढे, "सालं, मी असाच. साहेबांना माझ्यातर्फे सॉरी सांग हं."

शनिवारी तो गेला.

दफनानंतर पाळकसाहेब मला म्हणाले, "बाई, एवढा आजारी होता तर मला सांगायचं होतंत. गेलो असतो." मी म्हटलं, "त्यानेच सांगू दिलं नाही हो." हेही लिहून ठेवते. आता अर्धवट कशाला ठेवू?

भाकरीच्या तुकड्यावाचून कुणाचं तारण अडत नाही, हे मला समजावू नका. मला माहीत आहे. मीच तुमच्या आईला ते शिकवलंय. पण मनूला ते कुठे माहीत होतं? तो एवढंच समजून गेला की देव एकदा दाराशी आला होता आणि आपण झोपून राहिलो.

आणि तो झोपला नव्हता. ते मला त्याच्या शेजारणीने, सुमनबाईंनी, दफनाच्या दिवशीच सांगितलं होतं. त्यांचं बौद्ध कुटुंब. प्रभुभोजन म्हणजे काय, त्यांना कल्पना नव्हती. पण भाऊंकडे मोठे पाहुणे यायचेत म्हणून त्यांनी मनूला आंघोळीचं पाणी तापवून दिलं, स्टुलावर घालायला आपली पांढरी चादर धुऊन दिली. महिनाभर त्याने दारूला हात लावला नव्हता, हेही त्यांच्याकडूनच कळलं. त्या म्हणाल्या, "दुपारपासून दिवे लागेपर्यंत दाराकडे तोंड करून बसलेले, ताई. मी म्हटलं, भाऊ, जरा आडवे व्हा. तर म्हणाले, नको वहिनी, झोप लागली तर?"

मी सुमनबाईंना म्हटलं, "हो का?" आणि त्यांची चादर घडी करून त्यांना परत दिली.

पुढच्या उत्तम शुक्रवारी दुसऱ्या उद्गाराची पाळी आली. मी उठले, चष्मा लावला आणि त्या चोराबद्दल बोलले. बाहेर पडताना लोक म्हणाले, बाई, या वर्षी तर फारच छान बोललात. त्यानंतरही मी दरवर्षी बोलत आले आहे.

— आजी