चार कानांचा पुठ्ठा

रहेमतुल्ला आमच्या तहसील कचेरीत दफ्तरी होता. निकाल लागलेल्या मुकदम्याचे कागद एकावर एक लावायचे, डाव्या कोपऱ्यात टोच्यानं भोक पाडायचं, दोरा ओवून गाठ मारायची, वरखाली पुठ्ठा लावायचा आणि अशी तयार झालेली मिसल लाल कापडाच्या बस्त्यात बांधून फडताळात ठेवायची, हे दफ्तऱ्याचं काम. माझ्यासारख्या रेकॉर्ड-कारकुनाला वाटायचं, हे कुणीही डोळे मिटून करील. रहेमतुल्ला मात्र ते असं करायचा की बघणाऱ्याचाच जीव टांगणीला लागावा.

टोचा कागदावर टेकवायचा आणि थांबायचा. मग कागद माझ्यापुढे धरायचा. "बाबू, इथं काय लिवलं हाय?" त्याला उर्दू वाचता यायचं, मराठी नाही. कोपऱ्यात 'श्री' असलं की टोचा बाजूला सरके. 'बिस्मिल्ला' असलं तर विचारायची गरजच नसे. देवाच्या नावातून टोचा घालायचा नाही, मग तो देव कुणाचाही असो, असा त्याचा नेम होता.

हा नेम त्यानं शेगावहून आणला होता. तिथं मामाच्या दुकानात तो पोथ्या आणि कुराणं बांधायला शिकला. ग्रंथ बांधताना सुई घडीतून जाते आणि घडीत अक्षर नसतं. त्यामुळं देवाला धक्का लागायचा प्रश्नच नव्हता. कचेरीतले कागद मात्र सुटे. टोचा वरून, थेट लिहिलेल्या जागेतून जाणार. आणि आमच्या लोकांना तर 'श्री' लिहिल्याशिवाय चोरीची फिर्यादसुद्धा देता येत नाही!

मी त्याची थट्टा करायचो. म्हणायचो, "अरे, पक्षकारांची नावंसुद्धा देवांचीच असतात. उद्या नारायण, परवा विठोबा. टोचणार कुठं?"

तो गंभीरपणे म्हणायचा, "माणसाचं नाव टोचलं त चालते, बाबू. माणसाले सवय असते."

या नेमापायी त्याच्या मिसली वाकड्यातिकड्या व्हायच्या. एका कागदाला भोक इथं, दुसऱ्याला तिथं. आमचे रेकॉर्ड-कीपर शेषराव शिस्तीचे आणि तोंडाचे फटकळ. वाकडी मिसल दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. "काऊन बे रहेमतुल्ला, ही मिसल हाय का गोधडी?"

पुष्कळ बोलणी खाल्ल्यावर रहेमतुल्लानं एक युक्ती काढली. जाड पुठ्ठ्याच्या चारी बाजूंना कापडाच्या बिजागरीनं चार कान जोडले. कागद मधे ठेवायचे, चारी कान आत मिटायचे आणि वरून फीत बांधायची. ना भोक, ना दोरा. बिजागरीसाठी त्याच्या बायकोचं, नसीमाभाभीचं, नवं मांजरपाट कापलं गेलं होतं, आणि त्या बाईनं नवऱ्याचा जो उद्धार केला तो सगळ्या मोहल्ल्यानं ऐकला. खळीत त्यानं मोरचूद घातला होता, कसर लागू नये म्हणून. पुठ्ठा खरंच देखणा होता. धूळ आत जायची नाही, कोपरे दुमडायचे नाहीत.

शेषरावांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "एक फडताळ देतो तुले," ते म्हणाले. "पण एक कागद जरी गहाळ झाला, त हे पुठ्ठे चुलीत अन् तू घरी. मंजूर?"

"मंजूर," रहेमतुल्ला म्हणाला. घरी बसायची त्याची ऐपत नव्हती. तरी तो मंजूर म्हणाला, आणि मला त्याचा भयंकर राग आला. कुठल्याशा कागदावरच्या दोन अक्षरांसाठी कुणी चालती नोकरी पणाला लावतं का?

वर्षभर सगळं छान चाललं. वकील तर खूश. गाठी सोडायला नकोत, पान उलटताना फाटायला नको. रहेमतुल्ला फडताळापुढून जाताना नुकत्या न्हाऊ घातलेल्या लेकराकडं बघावं तसा त्या पुठ्ठ्यांकडं बघायचा.

मग रुखमाबाईची मिसल निघाली.

रुखमाबाई हिवऱ्याकडची. नवरा पुंजाजी वारला आणि दीर कडूबानं विहिरीजवळच्या वावरावर स्वतःचं नाव लावायला अर्ज केला. भावाभावांची वाटणी झालीच नव्हती, असं त्याचं म्हणणं. रुखमाबाईनं पंचांच्या सह्यांचं जुनं वाटणीपत्र आणून दाखवलं आणि आमच्याकडं निकाल तिच्या बाजूनं लागला. कडूबा अपिलात बुलडाण्याला गेला. आता मिसल तिकडं पाठवायची होती. ती दुपारच्या मोटारीनं जाणार म्हणून रुखमाबाई सकाळीच येऊन व्हरांड्यात बसली होती.

मी फीत सोडली, चारी कान उघडले, कागद मोजले. वाटणीपत्र नव्हतं.

पुन्हा मोजले. नव्हतंच. शेषराव उठून आले. रहेमतुल्लाचा चेहरा खळीसारखा पांढरा पडला. टोचलेला कागद कुणी ओढून काढला, तर दोऱ्यापाशी निदान त्याचा कोपरा अडकून राहतो. या पुठ्ठ्यातून कागद गेला तर मागं काहीच राहत नव्हतं. इतका सुंदर पुठ्ठा, आणि त्यातली ही खोट वर्षभर कुणाच्या ध्यानात आली नव्हती, त्याच्याही नाही.

रुखमाबाई दारात येऊन उभी राहिली. "माहा कागद कुठी गेला?" ती म्हणाली.

रहेमतुल्लानं अख्खं फडताळ खाली ओढलं. मी आणि तो जमिनीवर बसून एकेक पुठ्ठा उघडत होतो आणि रुखमाबाई प्रत्येक कागदाकडं बघत होती. वाचता येत नव्हतं, पण आपला कागद ती रंगावरून ओळखणार होती. अखेर तिनंच बोट दाखवलं. "थो पाह्य!" चिंचेच्या झाडावरून भांडणाऱ्या दोघांच्या मिसलीत तिचं वाटणीपत्र निवांत पडलं होतं. कुणीतरी दोन्ही मिसली टेबलावर शेजारी-शेजारी उघडल्या असणार आणि मिटताना हा कागद इकडचा तिकडं सरकला असणार.

शेषरावांनी वाटणीपत्र उचलून रुखमाबाईच्या मिसलीवर ठेवलं. मग म्हणाले, "कागद सापडला, म्हणून घरी नाही पाठवत. पण आजपासून सगळं टोचायचं. पहिली हीच मिसल. मोटार यायच्या आत."

रहेमतुल्लानं कागद लावले. वाटणीपत्र जुनं, अर्ध्या तावाचं. त्याच्या कडा भुसभुशीत झालेल्या, टोचा लागताच तुकडे पडले असते. मजबूत जागा एकच होती, डावा कोपरा. तिथं पंचांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'श्री बालाजी प्रसन्न'. या वेळी त्यानं मला विचारलं नाही. एवढी अक्षरं तो आता ओळखत होता.

त्यानं टोचा शेषरावांच्या टेबलावर ठेवला. "रावसाहेब, माह्यानं नाही होत. दुसरा दफ्तरी पाहा तुमी."

मी टोचा उचलला. म्हटलं, एवढी मिसल मी शिवतो, बाकीचं उद्या बघू. पण मी वाटणीपत्र हातात काय घेतलं, त्याच्या कडेचा एक तुकडा तुटून माझ्या मांडीवर पडला.

"ठेव थो खाली!" रुखमाबाई माझ्यावर ओरडली. साहेब नाही, बाबू नाही. मी मुकाट्यानं ठेवला.

मग ती रहेमतुल्लाकडं वळली. "काऊन टोचत नाही तू, भाऊ?"

"देवाचं नाव हाय तिथं, बाई. बालाजीचं."

"मंग माह्या देवाले तू काऊन भेतं?"

"नाव त देवाचंच हाय ना, बाई."

रुखमाबाई त्याच्यासमोर खाली बसली. तिचा आवाज एकदम उतरला. "तुह्यावाल्या पुठ्ठ्यातून गेला ना हा कागद? बुलडान्यात पुन्हा गेला त कोन धुंडून देईन मले? वावर गेल्यावर बालाजीले निवद कशाचा दाखवू मी? टोच तू. त्याले लागलं त मी सांगीन, मी टोचाले लावलं म्हून."

रहेमतुल्लाचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला सांगू. इतके दिवस ज्या नेमाची मी थट्टा केली, तो मोडताना मला बघवेना.

त्यानं टोचा सदऱ्याला पुसला. 'बिस्मिल्ला' म्हणाला आणि श्री आणि बालाजी यांच्या मधोमध टोचा टेकवला. कागदाला चीरसुद्धा गेली नाही. दोरा ओवला, गाठ मारली, ती दातांनी आवळली आणि मिसल रुखमाबाईपुढं धरली. तिनं दोरा चिमटीत धरून जोरानं ओढून पाहिला. हलला नाही.

"आता नाही जात," ती म्हणाली.

रहेमतुल्लानं मिसल मांडीवर घेतली. शिपाई मिसल न्यायला येईपर्यंत, लागलं का म्हणून बघावं तसं, रहेमतुल्लाचं बोट त्या भोकावर होतं.