कुळानं खाल्लेली जमीन

इंग्लंडमधल्या ज्या इस्पितळात मी काम करायचो, तिथे आमच्या वॉर्डात लिथुआनियाची एक नर्स होती. एका दुपारी चहा घेताना ती सहज म्हणाली, "माझ्या आजोबांची जमीन आम्हाला परत मिळाली." कम्युनिस्टांनी ती सामूहिक शेतीत ओढली होती. ती राजवट गेली आणि नव्या सरकारनं जमीन मोजून वारसांच्या हवाली केली. तिनं फोटोही दाखवला. सपाट हिरवंगार रान होतं. मी "अरे वा!" म्हणालो आणि आतून जळून खाक झालो.

जमीन माझ्याही आजोबांची गेली होती. कूळकायदा आला आणि ती कसणाऱ्या कुळाच्या नावावर चढली, अगदी रीतसर. आमच्या घरात 'कूळ' हा शब्द शिवीसारखा वापरत. हिचं सरकार बदललं आणि हिला रान मिळालं. आमच्याकडे सरकारं काय कमी बदलली?

मी घरी येऊन हे बाबांना सांगितलं. ते तेव्हा कॉव्हेंट्रीला आमच्याकडेच राहत. ते ताडकन उठून बसले. "तिला जेवायला बोलाव. कशी मिळवली ते विचारू." या वयात त्यांच्या आशेला पुन्हा पालवी फुटली होती.

रविवारी ती आली. मी स्वयंपाकघरात पापड भाजत होतो, म्हणून दुभाषी झाली माझी बायको. ती इथेच लेस्टरला जन्मलेली, मराठी तिचं कामापुरतं. "बाबा, तुम्ही बोला. माझा इंग्लिश फास्ट आहे."

बाबा म्हणाले, "आमची जमीन कुळानं खाल्ली."

बायकोला ठाऊक होतं ते पूजेतलं, गोत्राबरोबर येणारं कुळ. तिनं बेधडक सांगून टाकलं की यांची जमीन यांच्याच घरच्यांनी खाल्ली.

पाहुणीनं चमचा खाली ठेवला. "आमचंही तेच," ती म्हणाली. जमीन परत आल्यापासून तिची आई आणि मामा एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. वाटण्या अडल्या होत्या. फोटोतलं हिरवं म्हणजे नुसतं कमरेइतकं गवत.

बायकोनं ते बाबांना सांगितलं. चूक सुधारायला मी दारात आलो, पण बाबांनी मला हातानंच थांबवलं.

"मग पेरतं कोण?"

"कोणीच नाही, बाबा."

बाबांनी वरणभात कालवायला घेतला. मग म्हणाले, "आमच्या कुळानं एक वर्षसुद्धा रान रिकामं ठेवलं नाही." तो शब्द त्यांनी पहिल्यांदाच शिवीसारखा उच्चारला नाही. जमीन कशी मिळवली, हे त्यांनी विचारलंच नाही.

बाबांचं समाधान झालं असेल. माझं नाही झालं. भांडायला का होईना, तिच्याकडे रान होतं. मला ते गवतसुद्धा हवं होतं, आणि हातात पापड धरून मी तिच्यावर जळत उभा होतो.