भावाची पट्टी

"काका, लिहिता येते का?"

मॅनेजरनं कोरा कागद पुढं सरकवला. अमरावतीचं मोठं दुकान. मागं बिलाची रांग, बाजूला बायको, हातात तूरडाळीची पिशवी. नांदगाव खंडेश्वरात तहसीलसमोर टेबल टाकून तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहून राहिलो, हे सांगायचीही लाज वाटली.

शेण मीच खाल्लं होतं. रॅकवर डाळीचा भाव एकशे अडतीस. बिलात एकशे चौसष्ट. काउंटरवरची पोरगी म्हणाली, "कॉम्प्युटरमधला भाव खरा." मग काय, मी शूरवीर! धावत गेलो अन् रॅकवरची पट्टीच उपटून आणली. घ्या पुरावा!

मॅनेजरनं पट्टी खिशात टाकली. "आता दाखवा, कुठं लिहिलंय एकशे अडतीस?"

कुठंच नव्हतं. मीच ठेवलं नव्हतं.

"दुकानातली वस्तू काढली. चोरी आहे ही. माफीनामा लिहा, नाहीतर पोलीस."

रांगेतून आवाज आला, "देऊन टाका ना काका लिहून. आमाले उशीर होऊन राहिला."

बायको पुटपुटली, "कावून हात लावला जी तुमी?"

लिहिला. सवय वाईट. उजवीकडं तारीख, मधोमध विषय, खाली रेघ. 'मी भावाची पट्टी चोरली.'

"अक्षर छान आहे हो!" मॅनेजर खूश.

तीस वर्षांत असं कौतुक कोणी केलं नव्हतं. इतकं झोंबलंही नव्हतं.

सही उरली. माझ्या टेबलावर अंगठा घ्यायच्या आधी मी प्रत्येकाला अर्ज वाचून दाखवतो. विचारतो, "बाप्पा, खरं हाय ना?" तोंडून तेच सुटलं. मोठ्यानं वाचलं. स्वतःलेच विचारलं.

"खोटं हाय," मी म्हणालो. "सही नाही करत."

कागद फाडला.

पोलीस काही आले नाहीत. गार्डनं माझा फोटो काढला, दारावरच्या दुसऱ्या गार्डला दाखवला. "याले पुन्हा आत घेऊ नका." रांग पुढं सरकली. दारातून वळून पाहिलं, तर रॅकवर नवी पट्टी लागत होती. एकशे चौसष्ट. एसटीत बायको खिडकीबाहेर पाहत बसली, घर येईपर्यंत.

सकाळी टेबलावर पहिला अर्ज माझा. ग्राहक आयोगाला. पहिल्या ओळीत माझा गाढवपणा: पट्टी मीच काढली. दुसरीत दोन्ही भाव. सोबत बिल. वाचला. "बाप्पा, खरं हाय ना?" खरं हाय. सही ठोकली.

पुरावा नाही म्हणून फेटाळतील. फेटाळू द्या. दुसरा लिहीन. मग तिसरा.

लिहिता येते मले.