बाबांचा हात आणि इंजिन

बाबांना आता ऐकू येत नाही. कान गेल्यावर त्यांनी आपल्या हाताने गाडी दुरुस्त करणंही सोडून दिलं. परवा सकाळी चढावर आमची जुनी गाडी आचके देऊ लागली, तेव्हा शेजारी बसलेल्या बाबांनी डॅशबोर्डवर तळवा टेकला. "मिसिंग आहे गं. एक सिलिंडर काम करत नाहीये."

घरी येऊन आम्ही इंजिन चालू ठेवूनच गाडीचं बॉनेट उघडलं. मी रबरी मुठीच्या पक्कडीने एकेका प्लगची वायर काढून परत लावत होते. बाबा इंजिनावर हात ठेवून उभे होते. वायर काढली की इंजिन अडखळायचं आणि ते म्हणायचे, "हा चांगला." तिसरी काढली, तर काहीच फरक पडला नाही.

"हाच!" बाबा एवढ्यांदा ओरडले की आई धावत बाहेर आली.

इंजिन बंद करून काजळी धरलेला तो प्लग काढला आणि नवा बसवला. पुन्हा सुरू केल्यावर इंजिन एकसारखं चालू लागलं. बाबांनी डोळे मिटले. ऐकण्याचं सगळं काम आपण उगाच कानांवर सोपवतो, असं त्यांच्याकडे बघताना वाटलं.

"झालं ना? मग बंद करा की," आई म्हणाली. बाबांचा हात अजून इंजिनावरच होता. मी ते आणखी थोडा वेळ चालू ठेवलं.