औषध घेतलं का?

अंजनगाव सोडलं त्या सकाळी ह्यांच्या घशात पोळीचा घास अडकला होता. एसटीत चढतानाही नवरोबांचा हात छातीवरच. शेजारच्या कमळाबाई खिडकीशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजीनं औषध तर नाई घेतलं ना?"

गावात राहिलेल्यांना फोड करून सांगायला नको. दूर गेलेल्यांच्या लेकरांसाठी सांगते. त्या वर्षांत आपल्याकडे औषध घेणं म्हणजे फवारणीचं विष पिणं. आमचं तर दुकानच त्या औषधांचं. दरसाल कापूस बुडायचा, गिऱ्हाईक उदास, हेही उदास. त्यात जेवताना घास अडकायचा, पाण्यानंही उतरायचा नाही, की हे उठून मोरीकडे. लोकांनी अर्थ लावला. मीही लावला.

काय ती माझी हुशारी! हे दुपारी डुलकी घेत, तेव्हा मी वाकून तोंडाचा वास घ्यायची. दुकानाची किल्ली पदराला. "काहून मांगं मांगं फिरून राहिली?" असं विचारलं, की म्हणायची, झाडू शोधते. आणि आतून भाजलं असेल म्हणून रोज समोर बसून पेलाभर दूध पाजायची. पित्ताच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांनीही शेवटी मला बाजूला घेऊन तेच विचारलं.

दुकान विकून पुण्याला मुलाकडे आलो. इथल्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घातली, अन्ननलिकेचे बारीक तुकडे तपासायला पाठवले. विष नाही, पित्तही नाही. ॲलर्जीची जुनाट सूज, नळी अरुंद झालीय, म्हणाल्या. आधी दूध बंद करून पाहू. मी खिडकीबाहेर पाहू लागले. मग त्यांनी दम्याचा पंप लिहून दिला. तोंडात मारायचा, पण छातीत ओढायचा नाही, गिळायचा, म्हणजे औषध नळीच्या सुजेला लागतं. आम्हा वऱ्हाड्यांचा पंप म्हणजे पाठीवर घेऊन फवारायचा. मला काही हे खरं वाटेना. "बाई, पंपातलं गिळणं तर गावातही जमलं असतं," मी म्हटलं. किती दिवसांनी हे हसले.

पुढच्या दुर्बिणीत सूज उतरलेली दिसली. तरी लग्नाहून आले, की बासुंदीसाठी मी ह्यांच्या मिशांचा वास घेतेच.

अंजनगावात ते वाक्य मी एकदाही तोंडातून काढलं नाही. काय उत्तर येईल, ह्याची धास्ती. आता दोन खोल्यांच्या ह्या घरात रोज सकाळी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, उभी राहून मोठ्यानं विचारते, "औषध घेतलं का हो?"

आतून आवाज येतो, "घेतलं."

मग मी भाकर तव्यावर टाकते.