हुतूतूचे मास्तर

आमचा गडी चढाईला गेला की मास्तर स्वतःचाच श्वास कोंडून धरत. रेषेबाहेर उभे, गाल फुगलेले, तोंड लालबुंद. अशा वेळी सरपंच जरी बोलायला आले तरी उत्तर मिळायचं नाही. गडी परत आला की भसकन श्वास सोडून म्हणत, "म्हाताऱ्याचा दम तुझ्याहून जास्त टिकला. लाज हाय का?"

तिसगावच्या शाळेत ते हंगामी खेळशिक्षक होते. दर जूनला नेमणूक नव्याने यायची, आली तर. आम्हा तरण्या पोरांचा संघ त्यांनी निव्वळ हौसेनं बांधला. सरकारदरबारी खेळाचं नाव कबड्डी झालं होतं, मास्तर मात्र हुतूतूच म्हणत. दुष्काळात आम्ही सगळे खडी फोडायला जायचो. संध्याकाळी अंग आंबलेलं असायचं, तरी हा बाबा मैदानावर ओढून न्यायचा. "दमलाय व्हय? मग आज नुसतं पडायला शिका."

त्यांचा एक नियम मात्र कडक. चढाईवाल्याचा स्पर्श झाला की आपण होऊन हात वर करायचा. "पंचाला न्हाई दिसलं, पन तुला तर कळलं न्हवं?" लपवणाऱ्याला ते आठवडाभर बाहेर बसवत. मागून आम्ही त्यांना येडा म्हणायचो.

त्या वर्षी आम्ही नगरला अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. एका साखर कारखान्याच्या साहेबांनी मास्तरांना शब्द दिला होता, चषक जिंका आणि आमच्या संघाचे कायमचे प्रशिक्षक व्हा. मास्तरीणबाईंनी तर शेजारणींना सांगूनही टाकलं होतं.

सामना बरोबरीत आला. समोरच्यांची शेवटची चढाई. ते पार धापा टाकत होते, जादा वेळ मिळता तर आम्ही लोळवलंच असतं. चढाईवाला रिकामा परतला, पंचांनीही तसंच दाखवलं. आणि आमच्या भिवानं हात वर केला! नडगीला बोट लागलं होतं म्हणे. एका गुणानं हरलो. मी त्याला तिथंच शिवी हासडली.

परतीच्या एसटीत भिवा रडायला लागला. "मास्तर, माझ्यापायी तुमची नोकरी गेली."

"गेली खरी," मास्तर म्हणाले. "बोट लागलेलं मलाबी दिसलं हुतं. मनात म्हनलं, आज तेवढं इसर रं बाबा." मग खिडकीबाहेर बघत राहिले. "लई वाईट वाटतंय. उगं खोटं कशाला बोलू? पन उद्या मैदानावर ये."

जूनमध्ये शाळेची नेमणूकही आली नाही. मास्तर बायकोच्या माहेरी, सोनईकडे, शेती करायला निघाले. आम्ही सगळे स्टँडवर गेलो. गाडी हलली तसे आम्ही हात हलवू लागलो. भिवा एकटा मान खाली घालून उभा होता.

मास्तरांनी खिडकीतून डोकं काढलं आणि मैदानावर ओरडत तसे ओरडले, "भिवा, हात!"

भिवानं हात वर केला. गाडी दिसेनाशी झाली, धुरळा बसला, तरी तो खाली घेईना. मला रडू आवरलं नाही.